ट्रकचा पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं: पंप-नोझल खोलायच्या आधी काय काय बघायचं

खंबाटकी घाटात जी गाडी मागच्या वर्षी त्याच लोडला तिसऱ्या गिअरमध्ये चढायची ती आता दुसऱ्यात रडत चढते आणि वर डिझेलही जास्त पिते, अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "शेठ, नोझल गेले, पंप काढावा लागेल." कधीकधी ते खरंही असतं. पण पंप-नोझल, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणारे भाग, हे सगळ्यात महागडं काम आहे आणि त्याच्या आधी बघण्यासारख्या दहा-बारा गोष्टी अशा आहेत की ज्याला पाना, टॉर्च, साबणाचं पाणी आणि अर्धा दिवस एवढंच लागतं. म्हणून क्रम महत्त्वाचा, स्वस्ताकडून महागाकडे जायचं आणि प्रत्येक पायरीला मोजून बघायचं, अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत.

आणि अजून एक, ॲव्हरेज पडलं की मालकाचा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. डिझेल चोरी होत नाही असं मी म्हणणार नाही, होते. पण ब्रेक धरून चालणारी गाडी दामटून दामटून चालवणारा ड्रायव्हर रात्रभर जागून शिव्या खातो हे बघवत नाही, त्यामुळे आधी गाडी तपासा, मग माणूस.

आधी हिशोब पक्का करा

काट्यावर बघून काढलेलं ॲव्हरेज धरू नका. टाकी फुल ते टाकी फुल, शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशिनवर, गाडी सपाट उभी करून. कट-ऑफ झाल्यावर जेवढं वर भरता तेवढंच पुढच्या वेळीही भरा. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर 5 लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असतं, ते मागून समोर मोजून घ्या, तो आपला हक्क आहे.

एका टाकीवर निकाल देऊ नका, दोन-तीन टाक्या बघा आणि वहीत रूट आणि वजन पण लिहा. चाकण-भोसरीच्या फेऱ्या मारणारी गाडी आणि साताऱ्याकडे हायवेला सरळ पळणारी गाडी यांचं ॲव्हरेज एकमेकांशी लावून काही कळत नाही. चाकण चौकात किंवा तळेगाव रोडला तासभर रेंगाळत उभं राहिलं तर डिझेल जळतंच, किलोमीटर मात्र शून्य.

टायर बदलताना साइज बदलली असेल तर किलोमीटरच चुकीचे येतात. हायवेच्या दगडांवर 20 किलोमीटर मोजून मीटरशी ताडून बघा, फरक निघाला तर तुमचं "पडलेलं" ॲव्हरेज अर्धं तिथेच सापडेल.

हे सगळं कशासाठी, तर महिन्याला 6000 किलोमीटर चालणारी गाडी 5 च्या ॲव्हरेजला 1200 लिटर खाते आणि साडेचारच्या ॲव्हरेजला 1333, म्हणजे 133 लिटर जादा, लिटरला 90 रुपये धरले तरी महिन्याला 12 हजाराच्या आसपास. इतकी रक्कम हलत असेल तर वहीत चार ओळी लिहायचा कंटाळा करू नये.

गाडीला दम नाही, की गाडी जड चालतेय?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही, सरळ बॉनेट उघडतात, केबिन पाडतात. इंजिन ताकद तयारच करत नाही ही एक गोष्ट आणि इंजिन ताकद पूर्ण देतंय पण ती चाकापर्यंत जाताना वाटेत खाल्ली जातेय ही दुसरी. ड्रायव्हरला दोन्हीत सारखंच वाटतं, की गाडी ओढत नाही.

जड चालणं आधी तपासा कारण ते फुकटात होतं. 20-25 किलोमीटर गाडी चालवून आणा, शेवटी ब्रेक कमीत कमी मारून थांबा आणि लगेच प्रत्येक चाकाच्या ड्रमचं तापमान टेम्परेचर गनने बघा. ही गन हजार-दीड हजारात मिळते, प्रत्येक ट्रकवाल्याने ठेवावी. सगळे ड्रम साधारण सारखे असले पाहिजेत, एखादा बाकीच्यांपेक्षा दुप्पट तापलेला दिसला तर तिथे ब्रेकचा लायनर घासतोय, स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ताण ठरवणारी दांडी) जास्त कसलाय, ब्रेक चेंबर (हवेने ब्रेक दाबणारा डबा) परत येत नाहीये किंवा हबचं बेअरिंग टाइट झालंय. गन नसेल तर ड्रमजवळ नुसता हाताचा पंजा न्या, हात लावू नका, भाजेल. मग जॅक लावून ते चाक हाताने फिरवून बघा. ब्रेकचं काम झाल्यावर मिस्त्रीने सगळी चाकं एकसारखी ॲडजस्ट केली का हे उभं राहून बघायचं, कारण घाईत एक चाक घट्ट राहून जातं आणि पुढचे दोन महिने ते डिझेल पीत राहतं.

टायरची हवा लोखंडी रॉड मारून कळत नाही. गेज लावा, सकाळी गाडी थंड असताना, आणि मागच्या जोडीतला आतला टायर सोडू नका कारण नेहमी तोच कमी असतो. 10.00 आर 20 ला लोडप्रमाणे 100 ते 120 पीएसआयच्या घरात हवा लागते, नक्की आकडा टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. पुढच्या टायरची एकच बाजू झिजत असेल, हात फिरवल्यावर कडा करवतीसारख्या लागत असतील तर अलाइनमेंट गेलीय.

क्लच स्लिप होत असेल तर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, काटा उडी मारून वर गेला आणि गाडी तशीच राहिली तर क्लच. चढावर जळका वास येतोच.

रेडिएटरचा पंखा सतत गर्जना करत फिरत असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच (पंखा गरजेपुरताच फिरवणारा जोड) जाम झालाय आणि तो पंखा इंजिनची ताकद खातोय. उलट टेम्परेचरचा काटा हायवेला पण 60 च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडा अडकलाय किंवा कोणीतरी "गाडी गरम होते" म्हणून काढूनच टाकलाय. इंजिन थंड चाललं की डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, सिलिंडरचे लायनर आणि पिस्टन झिजतात. थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही, कृपा करून ते करू नका.

दम नसेल तर धूर बघा

बीएस 3, बीएस 4 (प्रदूषणाच्या जुन्या नियमांच्या) गाडीत धूर अर्धं निदान करून देतो. लोडवर काळा धूर आणि पिकअप नाही म्हणजे डिझेल जातंय पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही, तर हवेच्या बाजूला शोधा. धूर अजिबात नाही आणि पिकअपही नाही म्हणजे डिझेलच पुरेसं पोचत नाहीये. पांढरा धूर, डोळ्यात झोंबणारा, म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय, टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन बघा. पांढरा धूर आणि सोबत कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडला क्रॅक. निळसर म्हणजे ऑइल जळतंय.

बीएस 6 म्हणजे 1 एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांना हा नियम लावू नका. त्यांच्यात डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधला फिल्टर, काजळी अडवतो, त्यामुळे आत जास्त काजळी होत असली तरी सायलेन्सर स्वच्छच दिसतो. बीएस 6 गाडी काळा धूर सोडत असेल तर डीपीएफ फुटलाय किंवा कोणीतरी आतून रिकामा केलाय.

हवेची बाजू

एअर क्लीनरपासून सुरू करा. पाइपवर रिस्ट्रिक्शन इंडिकेटर असतो, तो लाल झाला असेल तर फिल्टर जाम. वाघोली, मोशीच्या खाणी-क्रशरकडे चालणाऱ्या हायवा टिपरनी मॅन्युअलमधल्या किलोमीटरवर विसंबू नये, तिथे फिल्टर फार लवकर भरतो. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर आणि प्रेशर कमी ठेवून, नाहीतर कागद फाटतो आणि मग धूळ सरळ टर्बोत (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). साफ केल्यावर आत टॉर्च लावा, बाहेरून कुठे ठिपक्यासारखा उजेड दिसला तर तो फिल्टर फेकून द्या.

आता इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होज, म्हणजे रबरी पाइप. याच्यावर मी जास्त लिहितोय कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जाताना बघितलाय. टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप), या रस्त्यात प्रेशरची हवा असते आणि होज फाटला की ती बाहेर जाते, गाडी रिकामी असताना काहीच कळत नाही, लोड टाकून घाटाला लागली की काळा धूर, दम नाही, आणि मिस्त्री म्हणतो टर्बो गेला. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत एका गाडीवर नवा टर्बो बसवूनही तक्रार तशीच होती. होज वरून एकदम धडधाकट, रबर चकचकीत. खालून हात फिरवला तर क्लिपच्या अगदी कडेला तेलकट काळी माती थापलेली, ती फडक्याने पुसली आणि अंगठ्याने होज दाबला तेव्हा क्लिपखालून दोन बोटं लांबीची चीर उघडली. अंगठा सोडला की चीर बंद, बघणाऱ्याला होज साबूत. तेल आणि धूळ जिथे ओलसर जमलेली दिसते तिथे हवा बाहेर येतेच येते, हे लक्षात ठेवा.

नुसत्या डोळ्याने सापडत नसेल तर टर्बोच्या तोंडाला बूच बसवून कमी प्रेशरची हवा आत द्या आणि होज, क्लिप, इंटरकूलरच्या कडा, सगळीकडे साबणाचं पाणी लावा, फेस येईल तिथे लिकेज. हवा रेग्युलेटर लावून अर्धा-पाऊण बारच द्यायची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सरळ जोडलात तर होज उडून तोंडावर येईल, हे खरंच धोक्याचं आहे.

टर्बो स्वतः बघायचा तर इंजिन बंद आणि थंड करून इनलेटचा पाइप काढा, शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलतो ते चालतं, पण पंखा बॉडीला घासत असेल, पात्यांची टोकं खाल्लेली असतील किंवा पुढे-मागे ठळक हलत असेल तर टर्बो गेला. वेस्टगेटचा (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) छोटा पाइप आणि दांडी पण हलवून बघा, वेस्टगेट उघडा अडकला की प्रेशर तयार होत नाही.

एक्झॉस्ट ब्रेकचं बटरफ्लाय (धुराचा पाइप बंद करून गाडी हळू करणारी झडप) अर्धं बंद अडकलेलं असतं हे फार कमी लोक बघतात. त्याचा हवेचा सिलिंडर सुटला तरी दांडी परत येत नाही, इंजिन धूर बाहेर टाकू शकत नाही आणि गुदमरतं. एकाला केबिनमध्ये बसवून स्विच चालू-बंद करायला लावा आणि दांडी पूर्ण परत येते का ते खालून बघा. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत व्हॉल्व काजळीने उघडा अडकला तरी असाच काळा धूर आणि खालचा पिकअप मेलेला.

डिझेलची बाजू

गाडी दहा-पंधरा मिनिटं चांगली पळते, मग हळूहळू दम सोडते, कडेला थांबवली की थोड्या वेळाने परत बरी होते, असं असेल तर पंपाला हात लावू नका. टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं किंवा टाकीचं व्हेंट बंद आहे, टाकीत व्हॅक्यूम होतोय. तसं नसेल तर टाकीतल्या जाळीला कचरा चिकटतोय, गाडी चालू असताना तो ओढला जाऊन जाळी बंद करतो आणि इंजिन बंद केलं की सुटून खाली बसतो. टाकी काढून धुवा.

हवा घेणं हा दुसरा मोठा रोग. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) पाइप ओढीवर चालतो, फाटक्या स्ट्रॉने उसाचा रस ओढला तर रसाबरोबर हवाच येते तसं इथे होतं, त्यामुळे बाहेर डिझेलचा थेंब पण दिसत नाही आणि आत मात्र बुडबुडे जातात. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता लावा आणि इंजिन चालू करून बघा, बुडबुड्यांची माळ दिसली तर मागे मागे जात शोधा: कॉपर वॉशर, बँजो बोल्ट, हँड प्रायमर, वॉटर सेपरेटरच्या वाटीची ओ-रिंग. वॉशर जुनाच परत लावायची सवय सोडा, काही रुपयांची वस्तू आहे.

डिझेल फिल्टर वेळेवर आणि चांगल्या कंपनीचाच. पावसाळ्यात सेपरेटरचं पाणी रोज सकाळी सोडा, कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत) नोझलला पाणी म्हणजे विष.

आणि ॲक्सिलरेटर! पेडल मॅटवर टेकतंय का, जुन्या गाडीत केबल ढिली होऊन पंपाची लिव्हर शेवटपर्यंत जाते का, एकाने दाबून दुसऱ्याने बघायचं. दोन मिनिटांचं काम.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या टर्बो गाडीत पंपावर एक बूस्टचा (टर्बोच्या हवेचं प्रेशर) बारीक पाइप येतो. तो तुटला किंवा आतला डायफ्राम (पडदा) फाटला की पंपाला वाटतं टर्बो हवा देतच नाही आणि तो डिझेल वाढवत नाही. धूर नाही, दम नाही. अशा गाडीचा अख्खा पंप लॅबला जायच्या आधी तो पाइप काढून फुंकून बघा.

स्कॅनर लावला तर काय वाचायचं

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं मशिन. त्यावरचा बिघाडाचा कोड वाचून सरळ तो सेन्सर बदलू नका. "बूस्ट प्रेशर कमी" असा कोड म्हणजे सेन्सर खराब असा अर्थ होत नाही, बहुतेक वेळा बूस्ट खरंच कमी असतो. लाइव्ह डेटा बघा.

चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर वाचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे सेन्सरने 94-95 किलोपास्कलच्या आसपास दाखवायला पाहिजे, मुंबईत 101 च्या जवळ. पुण्यात उभ्या गाडीत 80 किंवा 110 दाखवत असेल तर सेन्सर घाण झालाय किंवा गेलाय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चुकीच्या आकड्यावर डिझेल देतोय. काढून साफ करा, परत बघा.

मग लोड टाकून चढावर, शेजारी दुसरा माणूस बसवून (चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही) तीन आकडे रेकॉर्ड करा: पेडल पूर्ण दाबल्यावर 100 टक्क्याजवळ जातं का, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर. बूस्ट मागे पडत असेल तर वरची हवेची बाजू. रेल प्रेशर मागे पडत असेल तर आधी फिल्टर आणि ओढीचा पाइप, मग नोझलचं रिटर्न (नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल). रिटर्न टेस्टसाठी प्रत्येक नोझलच्या रिटर्नला सारखी बाटली लावून इंजिन आयडलला चालू ठेवायचं, एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरली तर तो नोझल आतून गळतोय. म्हणजे सहाच्या सहा बदलायची गरज नसते, बाकीचे लॅबवर टेस्ट करून कागदावर रिपोर्ट मागा.

कॉमन रेलच्या इंजिनात चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही ढिला करायचा नाही. जुन्या गाडीत एकेक नट ढिला करून कुठला सिलिंडर मिस आहे ते बघायचो, इथे रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडीतून आत जाते आणि बोट, हात गमवायची वेळ येते. सिलिंडर कट-आउट टेस्ट स्कॅनरवरूनच करा.

बीएस 6 चं वेगळं प्रकरण

डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, 32.5 टक्के युरिया. ते संपत आलं, पातळ निघालं किंवा डोसिंग नोझल खड्यांनी बुजलं की ईसीयू मुद्दाम ताकद कमी करतो, इंजिन ठणठणीत असतं. रस्त्याकडेला मिळणारी विनालेबलची बादली घेऊ नका, नळाच्या पाण्यातले क्षार एससीआर (डीईएफने धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतात आणि तो खर्च मोठा आहे. डीईएफसाठीचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, एक थेंब टाकून टक्केवारी कळते.

मार्केट यार्डातून गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ तापतच नाही, काजळी साठते, मग गाडी वारंवार रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) मागते आणि प्रत्येक रिजनला डिझेल जास्त जातं. दिवा लागला की ड्रायव्हर घाईत बटण दाबून थांबवतो, ते थांबवू नका, पूर्ण होऊ द्या, पण आजूबाजूला गवत, कागद नाही ना बघा कारण सायलेन्सर प्रचंड तापतो. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, अर्धवट रिजनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल बदला. रिजन वारंवार होत असेल तर डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचे दोन बारीक पाइप चिरलेत का ते आधी बघा. डीपीएफ काढून मॅप मारून (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून) देणारे बरेच भेटतील, ते बेकायदेशीर आहे आणि तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

इंजिनच थकलंय का

ऑइल फिलर कॅप आयडलला उघडून उलटी ठेवा. थोडी थरथरते ते ठीक, पण उडून पडत असेल आणि भसाभसा धूर येत असेल तर ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या बाजूने गॅस खाली गळतोय. तरी लगेच हाफ इंजिन काढू नका, ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरची रिंग गेली तरी क्रँककेसमध्ये (इंजिनचा खालचा ऑइलचा भाग) असंच प्रेशर येतं आणि टर्बोचं सील गेलं तरी येतं. कॉम्प्रेसर तात्पुरता वेगळा करून बघा, मग कॉम्प्रेशन टेस्ट. टॅपेटची (व्हॉल्वची) फट मॅन्युअलच्या मापाने फिलर गेज लावून बघा, कानाने नाही.

न्यूट्रल

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं, हे कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना आजही चालू आहे. इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलला चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, उलट जातं, इंजिनचा ब्रेक जातो, ड्रम तापतात आणि ब्रेक धरत नाहीत. त्या उतारावर किती माणसं गेलीत हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. मालकांनी ड्रायव्हरला ॲव्हरेजसाठी इतकं पिडू नये की तो असलं काही करेल.

काम झाल्यावर

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि लगेच तपासा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. कोड पुसा, तोच रूट, तेवढंच वजन, तोच ड्रायव्हर, आणि खंबाटकीत त्याच वळणावर गिअर आणि आरपीएम किती राहतो ते वहीत लिहा. टाकी फुल ते फुल अशा दोन टाक्यांचा आकडा जुन्या आकड्याशेजारी मांडा. पिकअप आला पण ॲव्हरेज अजून मागे असेल तर परत ड्रमचं तापमान आणि टायरची हवा बघा, पिकअपही आला नसेल तर तेव्हा पंप-नोझल लॅबला न्या आणि सोबत हे सगळे आकडे लिहिलेला कागद द्या, म्हणजे लॅबवाल्याला काय बघून झालंय ते कळेल आणि तेच काम परत तुमच्या बिलात लागणार नाही.